दार तेवढं सरळ कर

पिरंगुटजवळच्या भरे या गावात कुणाच्याही घरी लग्न असलं की पंगतीत बुंदीची बादली नथू ढमालेच्याच हातात जायची. बाकीचे वाढपी विचारत विचारत पुढे सरकायचे. नथू विचारायचाच नाही. समोरचा पत्रावळीवर आडवा होवो, दोन्ही हात पसरून बसो, देवाची शपथ घालो, कुठल्या ना कुठल्या फटीतून नथूची मूठ आत शिरायची आणि बुंदी पडायचीच. जेवणारा आधी ओरडायचा, मग हसायचा आणि मग निमूट खायचा. "लाजत्यात मान्सं," नथू म्हणायचा. "आपन समजून घ्यायचं आसतं." या समजून घेण्याचा त्याला भारी अभिमान होता.

पोटापाण्यासाठी तो गाड्यांचा पत्रा ठोकायचा. पिरंगुटवरून उरवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याची शेड होती. भावांनी आपापल्या वाटणीच्या जमिनी बिल्डरांना देऊन बंगले उठवले, नथूने मात्र रस्त्याकडेचा तुकडा सोडला नाही. हातोडी, कॉम्प्रेसर आणि रंगाची गन एवढ्यावर त्याने संसार ओढला. हात सुरेख होता. उलटलेला टेम्पो त्याच्याकडून बाहेर पडला की मालकाला आपलाच टेम्पो ओळखू यायचा नाही. आणि पंगतीतली खोड शेडमध्येही होतीच. एका दारासाठी आलेल्या गाडीचं दुसरं दारही तो न सांगता चकाचक करून द्यायचा. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं की दिवसभर शीळ घालायचा.

या शेडमागे जनार्दन हेर्लेकरांचा हात होता. हेर्लेकर मूळचे मिरजेचे, उरवड्याच्या एका कारखान्यात मोठे साहेब. नथू तिथेच पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. कामगार कमी करायची वेळ आली तेव्हा नथूचं नाव त्यात निघालं. जनार्दनरावांना ते थांबवता आलं नाही, पण त्यांनी कंपनीच्या बसगाड्यांच्या डेंटिंगचं काम त्याला मिळवून दिलं आणि त्यावरच शेड उभी राहिली. पुढे साहेब रिटायर होऊन भूगावात फ्लॅट घेऊन राहिले, तरी नथूचे ते साहेबच राहिले. आपण या माणसाचं काहीतरी देणं लागतो, हे नथूच्या मनातून एक दिवसही गेलं नाही.

साहेबांकडे एक जुनी गाडी होती. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, विलायती स्पोर्ट्स कार. त्यांच्या वडिलांनी, ते मिरजेत डॉक्टर होते, एका संस्थानिकाच्या जावयाकडून ती घेतली होती. रंग मूळचा हिरवा असावा. आता तो कुठे शेवाळी, कुठे राखाडी झाला होता, बॉनेटवर बारीक चिरा पडल्या होत्या, आणि सीटचं चामडं पापडासारखं तडकलं होतं. दरवर्षी खंडेनवमीला जनार्दनराव ती गाडी हळूहळू चालवत नथूच्या शेडवर आणायचे. शेजारच्या सीटवर त्यांची मुलगी जुईली असायची. जुईली चाळिशीला आलेली, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलीएवढी. ती स्वतःला नावानेच हाक मारायची. "जुईलीला पेढा पाहिजे," म्हणायची, आणि नथूची बायको सगुणाबाई तिला एकाऐवजी दोन द्यायची. काय हवं ते जुईली बेधडक सांगायची. तिच्याशी बोलायला सोपं वाटायचं ते त्यामुळेच.

मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर या गाडीच्या दारावर आपटली आणि पत्रा आत गेला. त्याच सुमारास सुनीतीबाईंचं, म्हणजे साहेबांच्या पत्नीचं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जनार्दनराव गाडी शेडवर सोडायला आले.

"नथू, दार तेवढं सरळ कर. तेही रंग न लावता. बाकी कशालाही हात लावू नकोस."

"आवं सायेब, जरा रंगाचं बी बघतो की."

"नको. अजिबात नको. आहे तशीच हवी मला ती."

नथू मान हलवून हसला.

साहेबांनी नथूला जे सांगितलं नाही ते वाचणाऱ्याला आत्ताच कळलेलं बरं. युरोपात कुठेतरी एका लिलावात याच कंपनीची, याच वर्षाची गाडी विक्रमी किमतीला गेली होती. आणि ती गेली होती तिच्या जुन्या, फुटक्या, कारखान्यातून निघालेल्या मूळ रंगासकट. असा विक्रम झाला की इथले शौकीनही वेडे होतात. पुण्याचा निषाद नावाचा तरुण अशा गाड्यांचे सौदे जमवायचा. त्याने साहेबांच्या गाडीचे फोटो मुंबईच्या एका संग्राहकाला दाखवले, आणि त्या माणसाने जी किंमत सांगितली तीत भूगावात दोन फ्लॅट सहज आले असते. हेर्लेकरांना फ्लॅट नको होते. पौडच्या पुढे जुईलीसारख्या मोठ्या मुलांची एक चांगली संस्था होती. एकदा मोठी रक्कम भरली की मुलाला जन्मभर सांभाळायची संस्थेची हमी होती. आपल्यामागे या मुलीचं काय, हा प्रश्न त्या दोघा म्हाताऱ्यांना झोपू देत नव्हता, आणि त्याचं उत्तर त्या गाडीच्या रंगात होतं. पण वडिलांची गाडी विकायची, हे जनार्दनरावांच्या तोंडून बाहेर पडेना. त्यांनी नथूला एवढंच सांगितलं की नको.

नथूने दार चार दिवसांत सरळ केलं. मग गाडीसमोर स्टूल टाकून बसला आणि बघत राहिला. साहेबांची पेन्शन केवढीशी, त्यात आता ऑपरेशन. म्हणून नको म्हणतात, हे त्याला स्वच्छ दिसलं. एवढी देखणी गाडी आणि अंगावर अशी खरूज. तिला आपण नवरीसारखी नटवून दाखवायची, एक पैसा घ्यायचा नाही, आणि एवढ्या वर्षांचं ओझं उतरवायचं. या विचाराने त्याला जेवण गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी तो पुण्याला गेला आणि इंपोर्टेड लाल रंगाचा डबा घेऊन आला.

सगुणाबाई दुपारची भाकरी घेऊन शेडवर आली तेव्हा तो बॉनेटला पाण्याचा घासपेपर मारायच्या तयारीत होता.

"सायबांस्नी इचारलं का?" तिने विचारलं.

"इचारायचं काय त्यात?"

"फोन लावा की एकदा. कुनाची वस्तू हाय ती."

"इचारलं तर नकोच म्हन्तील ते," नथू म्हणाला आणि घासायला लागला.

पुढे हे वाक्य त्याला फार छळणार होतं. नको म्हणतील हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने विचारलं नाही. ते नको खरं असेल तर, अशी एक शंका त्याला तेव्हा चाटून गेली होती. त्याने ती बाजूला सारली, कारण शेडच्या पाटीखाली ती लाल गाडी उभी आहे आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघतायत, हे चित्र त्याला आवडलं होतं. उपकार फेडायचे होते हे खरं. पण मिरवायचंही होतं.

मधेच एकदा जनार्दनराव दवाखान्यातून येताना दोन मिनिटं रस्त्यावरच थांबले, स्वतः रिक्षातच बसून. जुईली रिक्षातून उतरून शेडच्या तोंडाशी आली. गाडीवर ताडपत्री होती. नथू लाडात येऊन तिला म्हणाला, "ताई, कंचा रंग आवडतो तुमाला?" समोर एक पाण्याचा टँकर उभा होता, लाल. जुईलीने त्याच्याकडे बोट केलं. "लाल! जुईलीला लाल." नथूला हसू आलं. रंगाचा डबा आधीच शेडमध्ये होता.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. सगळा जुना रंग काढला, लांबी भरून खड्डे बुजवले, प्रायमर मारला, रंगाचे हात दिले, बफ मारला. चाकांच्या चकत्या, कडेच्या पट्ट्या निकलचा मुलामा देऊन आणल्या. सीटचं चामडं काढून पांढरं रेक्झिन चढवलं आणि त्याला लाल किनार लावली. सुनीतीबाईंना बरं व्हायला वेळ लागत होता, साहेबांना इकडे यायला सवड नव्हती, आणि नथूच्या मते सगळं अगदी जमून येत होतं.

खंडेनवमीच्या थोडं आधी साहेबांचा फोन आला की एका माणसाला गाडी बघायची आहे. नथूने गाडीवर धुतलेली पांढरी चादर घातली, झेंडूची माळ आणली, सगुणाबाईला आरतीचं ताट तयार ठेवायला सांगितलं. जनार्दनराव आले, काठी टेकत सुनीतीबाई आल्या, जुईली आली आणि त्यांच्याबरोबर निषाद आला. नथूने सगळ्यांना उभं केलं आणि चादर ओढली.

जुईलीने टाळ्या वाजवल्या. "लाल! लाल!"

बाकी कुणीच बोललं नाही. आनंदाने बोलवत नसेल, असं नथूला वाटलं. निषाद पुढे झाला, गुडघ्यावर बसला आणि दाराच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"काका, हा रंग जुन्याच्या वरूनच मारलाय ना? खाली जुना आहे ना अजून?"

नथूला राग आला. "वरनं मारायला मी काय नवशिका हाय का? पत्रा दिसंस्तवर घासलाय. कन बी ठिवला न्हाई जुन्याचा."

"आणि सीट्सचं लेदर?"

"भंगारवाला बी घेईना त्ये. जाळून टाकलं."

निषादने फोटोसाठी काढलेला मोबाईल खिशात ठेवला. "सर, सॉरी," तो जनार्दनरावांना हळू म्हणाला. "आता ते नाही घेणार. या रंगासाठीच घेत होते."

"कंचा रंग?" नथूने विचारलं. "त्यो तर पार उडाला व्हता."

"हो काका. तोच."

सुनीतीबाई रंगाच्या रिकाम्या पिंपावर बसल्या. "आता जुईलीचं काय?" त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या असं नव्हे. नथू एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा जनार्दनरावांनी त्याला दोन-चार वाक्यांत सगळं सांगितलं. लिलाव, मुंबईचा माणूस, पौडची संस्था. रागाने नाही, अगदी कामाचं सांगावं तसं. मग ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "काम सुंदर झालंय, नथू. मीच तुला नीट सांगायला हवं होतं."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर नथू उभा राहिला असता. हे त्याला सोसेना. काहीतरी बोलायला हवं, कुठेतरी हे टाकायला हवं, असं झालं आणि तो बोलून गेला.

"म्या माझ्या मनानं न्हाई केलं, सायेब. लाल तर जुईलीताईंनीच सांगितला. इचारा त्यांस्नी."

सगळ्यांनी जुईलीकडे पाहिलं. तिच्या टाळ्या थांबल्या. कुणाचा चेहरा बरा नाही, एवढं तिला कळलं.

"नथूभाऊ, तिच्यावर नका घालू," सुनीतीबाई म्हणाल्या.

"जुईली चुकली?"

"नाही गं बाळ," जनार्दनराव म्हणाले, पण त्यांचा आवाज फाटला आणि जुईलीने त्यातून तिला समजायचं ते समजून घेतलं. जाताना त्यांनी दाराच्या कामाचे किती झाले तेही विचारलं. नथू पाठ करून उभा राहिला. आरतीचं ताट सगुणाबाईच्या हातात तसंच होतं.

गाडी शेवटी भूगावातल्याच एका माणसाने घेतली, लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायला. जे आलं त्यात फ्लॅटचा एक संडासही आला नसता. नथूने त्यानंतर दोन लग्नांत बादली धरली नाही. कंबर धरलीय म्हणाला. घरी मात्र त्याने ठरवलं की रस्त्याकडेचा तुकडा विकायचा आणि पैसे साहेबांना द्यायचे. सगुणाबाईने एका शब्दानेही अडवलं नाही, तीही बरोबर गेली. जनार्दनरावांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको, नथू." हे नको कसलं, खरं की संकोचाचं, ते नथूला कळेना. मग साहेबांनी विचारलं, "शेड गेल्यावर तुम्ही दोघं खाणार काय?" ज्याचं घर आपण बुडवलं तो आपल्या चुलीची काळजी करतोय, ही लाज घेऊन तो परत आला.

दिवाळीनंतर एका सकाळी उरवड्याकडे जाणाऱ्या कामगारांच्या बसमध्ये खिडकीपाशी त्याला जनार्दनराव दिसले. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, मांडीवर डबा. एका छोट्या कारखान्यात माल तपासायची नोकरी धरली होती. त्यांनी नथूला बघून हात केला, नेहमीसारखा, हसून. नथूचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. दुसऱ्या दिवसापासून बसची वेळ झाली की तो उभ्या गाडीच्या आड जायचा, नसलेलं काम काढायचा. साहेब मात्र रोज हात करायचे. आपण समोर नसलो तरी ते हात करतात, हे नथूने टेम्पोच्या काचेतून पाहिलं.

सगुणाबाईने एक दिवस त्याला त्या टेम्पोमागे गाठलं. "त्यो देवमानूस हात करतोय आन तुमी लपताय. लाज न्हाई वाटत?"

"लाज वाटती म्हनून तर लपतोय." नथू खालीच बसला. "रंगाचं न्हाई गं येवढं. रंग अडानीपनानं गेला. पन त्या पोरीचं नाव घेतलं म्या. डबा आदीच आनून ठिवला व्हता. तिला मागनं इचारलं, उगा गंमत म्हनून. आन सगळ्यांसमोर तिच्यावर ढकललं."

सगुणाबाईला हे माहीत नव्हतं. "मंग हे मला काय सांगताय? तिला जाऊन सांगा."

संक्रांतीच्या सुमारास दोघं भूगावला गेली. सगुणाबाईने जुईलीसाठी बांगड्या घेतल्या होत्या, डझनभर लाल आणि डझनभर हिरव्या. जनार्दनराव कामावर होते. जुईली सोफ्यावर बसली होती, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. नथूला बघून ती उठली नाही, की काही मागितलं नाही. सगुणाबाई तिच्यापुढे खाली बसली आणि बांगड्या मांडल्या.

"ताई, कंच्या घालायच्या? लाल का हिरव्या?"

जुईलीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "जुईलीला विचारू नका," ती म्हणाली. "जुईली चुकते."

सुनीतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "दसऱ्यापासून हे असं आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "काय खायचं, कुठला ड्रेस घालायचा, काही विचारलं की म्हणते, तुम्ही सांगा. पौडला दोन दिवस ठेवून पाहिली. दिवसभर पाणीसुद्धा मागितलं नाही हिने. तिथल्या बाई म्हणाल्या, पैशांचं पुढेमागे बघता येईल, पण हिला काय हवं ते हिने सांगायला पाहिजे. नाहीतर आम्ही हिला सांभाळायची कशी?"

नथूला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. रंग घासला तेव्हा त्याने त्या घराचे पैसे घालवले होते. आता कळलं की त्या एका वाक्याने त्याने पैशाने न मिळणारं काहीतरी घासून टाकलं होतं, तेही पत्रा दिसेपर्यंत. तो सगुणाबाईच्या शेजारी फरशीवर बसला आणि जुईलीपुढे हात जोडले.

"ताई, माझ्याकडं बगा. त्यो लाल रंग म्या आदीच आनला व्हता. तुमाला मागनं इचारलं. तुमी न्हाई चुकला. मी चुकलो, आन वर खोटं बोललो. तुमचं नाव घेतलं. तुमाला जे पायजे ते सांगत जावा, ताई. लाल म्हना, हिरवं म्हना, काय बी म्हना."

जुईलीने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. नथूचं बोलून झालं, त्याचे डोळे वाहायला लागले, तरी तिने पाठीमागचे हात पुढे आणले नाहीत. मग तिने मान वळवून दाराकडे पाहिलं.

"आई," तिने हळूच विचारलं, "आता जुईलीने काय म्हणायचं?"